दुर्गापुऱ्याहून साल्झबर्गला, काळाच्या उलट्या वाटेनं

मुंबईहून जयपूरला येणारी गाडी दुर्गापुऱ्याला थांबते आणि तुम्ही उतरता. कानात इयरफोन, इयरफोनमध्ये विवाल्दी. स्टेशनाबाहेर पडलात की टोंक रोडची वर्दळ लागायला हवी. ती लागत नाही.

साल १७३५. रूळ गेले, रिक्षा गेल्या. उरली धूळ आणि सांगानेरकडून नव्या शहराकडे जाणारी बैलगाड्यांची वाट. शहराला अजून आठ वर्षंसुद्धा पुरी झालेली नाहीत. मराठी बोललात तरी बिघडत नाही. बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई यंदा यात्रेला निघाल्या आहेत, जयपूरचे राजे सवाई जयसिंग यांनी त्यांचा मोठा पाहुणचार केला आहे, आणि त्यांच्या लवाजम्यातला एखादा कारकून म्हणून तुम्ही सहज खपून जाल.

झाडाखाली एक सारंगिया वाद्य लावत बसला आहे. खुंटी पिळतो, नखाचं मूळ तातेला टेकवतो, गज ओढतो, मान हलवतो, पुन्हा पिळतो. त्याला घाई नाही. तुमच्या कानातला विवाल्दी बंद पडला आहे, पण माणूस व्हेनिसमध्ये हयात आहे, ५७ वर्षांचा. बाख लाइपझिगमध्ये पन्नाशीला पोचला आहे. एकाच सूर्याखाली दोन्हीकडे तातेवर गज फिरतो आहे.

आणि या दोन्हींची गाठ पडायची राहिली ती अगदी थोडक्यात. जयसिंगांनी पाद्री मानुएल दि फिगेरेदो यांच्याबरोबर पोर्तुगालला माणसं धाडली होती. त्यांच्या मागोमाग तुम्ही गोव्याला उतरता. तिथं चर्चच्या शाळांत पोरं सोल्फा घोकताहेत, कोपऱ्यात व्हायोलिनचा सराव चालला आहे. म्हणजे हे वाद्य हिंदुस्थानात आलेलं आहे. घाट चढून वर यायला मात्र त्याला अजून अवकाश आहे. पुढे १७२९ मध्ये लिस्बन. ब्राझीलच्या सोन्यावर राजा पाचवा जुआंव इटलीहून गवई आणि वादक आणवतो आहे. त्याच्या पदरी जिनोआचा आव्हॉन्दानो व्हायोलिन वाजवतो. इतक्या जवळ जाऊन जयपूरची मंडळी घेऊन आली ते फ्रेंच ज्योतिषी ला हीरची कोष्टकं. जयसिंगांनी ती आकाशाशी ताडून पाहिली आणि चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाची चूक काढली! अर्धा अंश ज्याला खुपतो, त्याच्यापुढे एखादा चांगला वादक बसला असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

तुम्ही मात्र आता थांबू नका, मागेच चला. व्हेनिस, १७१६. पिएता नावाचा अनाथाश्रम. सज्जात जाळी, जाळीआड मुली, आणि त्यांच्या हातात व्हायोलिनं. त्यांना शिकवणारा पाद्री म्हणजे विवाल्दी. ‘चार ऋतू’ नऊ वर्षांनी आम्स्टरडॅमला छापले जातील. त्यातल्या वसंतात मेंढपाळ झोपलेला असेल आणि व्हिओला कुत्र्यासारखी भुंकत राहील. गर्दी करून आलेले परदेशी पाहुणे जाळीतून चेहरे शोधताहेत. तुम्ही हात बघा. हनुवटी टेकवायची पट्टी नाही, ती यायला शंभर वर्षं आहेत. तारा आतड्याच्या. गजाची काठी बाहेरच्या बाजूला वाकलेली, त्यामुळे प्रत्येक स्वर टोकाशी आपोआप विरतो. आजच्या व्हायोलिनचा भरघोस, न तुटणारा आवाज हिला साधत नाही. पण बोलल्यासारखं वाजवणं हिलाच साधतं.

फ्रान्सला मी तुम्हाला नेत नाही. तिथं लुलीच्या शिस्तीत राजाची चोवीस व्हायोलिनं नाचासाठी वाजतात, एकाच वेळी गज वर, एकाच वेळी खाली. बघायला छान, पण आपलं काम रोममध्ये आहे.

रोम, १७००. कार्डिनल ओत्तोबोनीच्या पदरी असलेल्या कोरेल्लीनं नुकतेच बारा सोनाटा छापले आहेत. पहिल्या सोनाटाचं पान उघडा. संथ भागात मोठमोठे रिकामे स्वर, दोन-चार ओळींत संपणारे. एवढंच? एवढंच. बाकीचं वाजवणाऱ्यानं भरायचं. ख्यालाची बंदिश वहीत चार ओळींची असते आणि मैफलीत अर्धा तास चालते, हे ज्याला माहीत आहे त्याला हे पान समजावून सांगावं लागत नाही. पुढे आम्स्टरडॅमच्या प्रकाशकानं कोरेल्लीच्या हरकती म्हणून त्या मोकळ्या जागा भरून छापल्या आणि पुस्तक खपलं. वह्यांवर जगणारे शागीर्द सगळीकडे असतात.

आता साल्झबर्ग, १६७६ च्या सुमारास. इथं जरा बसा. हाइनरिश बीबर आर्चबिशपसाठी जपमाळेचे पंधरा सोनाटा लिहून बसला आहे. प्रत्येकाच्या माथ्यावर येशू-मरियमच्या कथेतलं छोटं चित्र, आणि पहिला सोडला तर प्रत्येकाला व्हायोलिन नव्यानं लावायचं. अकरावा सोनाटा पुनरुत्थानाचा. बीबर मधल्या दोन तारा सोडवतो, एकमेकींवरून ओलांडून घेतो, घोडीच्या मागे आणि वर खुंट्यांपाशीही. तारांचा क्रूस होतो. मग तो चारही तारा लावतो: खालचा जी, त्यावर डी, मग वरचा जी, वरचा डी. जी म्हणजे षड्ज धरा. सा, प, सा, प!

आपल्याकडच्या व्हायोलिनवाल्यांनी नेमकं हेच केलं. पाश्चात्त्य बैठक मोडून तारा षड्ज-पंचमात आणल्या, कुणी सा-प-सा-प, कुणी प-सा-प-सा, म्हणजे मोकळी तार सतत आधाराला राहते आणि एका सप्तकातली बोटं दुसऱ्या सप्तकात तशीच चालतात. बीबरचं कारण धार्मिक, आपलं रागाचं. शिवाय त्याच्या तारा ओलांडलेल्या, म्हणून बोटं भलतीकडेच पडतात आणि कागदावर लिहिलेला स्वर कानाला वेगळाच येतो. वाद्य मात्र दोघांसाठीही तितकंच वाकलं. बरोकच्या काळात व्हायोलिन अजून कुणा एकाचं झालेलं नव्हतं, आणि मला ते जवळचं वाटतं ते यामुळेच.

सोनाटांच्या शेवटी बीबर पुन्हा नेहमीच्या तारांवर येतो आणि एकट्या व्हायोलिनवर पासाकाल्या धरतो. उतरते चार स्वर, ६५ वेळा तेच, आणि त्यावर दर खेपेला काहीतरी नवं. मांडी घालून ऐका; तबल्याच्या साथीला धरलेला लेहरा ऐकताना जसं बसता तसं.

हे हस्तलिखित पुढे म्युनिकच्या ग्रंथालयात पडून राहिलं. छापून निघालं १९०५ मध्ये. आणखी सहा वर्षांनी मुंबईत गजाननबुवा जोशी जन्मले. त्यांनी जयपूर-अत्रौलीची गायकी भुर्जीखांकडून घेतली आणि गाण्याबरोबर व्हायोलिनही मैफलीत वाजवलं. जयसिंगांच्या माणसांनी लिस्बनला ठेवून दिलेलं वाद्य आणि जयपूरचं नाव लावणारं गाणं एकाच माणसाकडे आलं ते असं, तेही गिरगावात जन्मलेल्या माणसाकडे.