४१० दिवसांची गाय

गेल्या शनिवारी वाचायला बसलो होतो एक आणि जाऊन पोचलो भलतीकडेच. स्कॉटलंडचं सरकार मांसासाठी वासरं वाढवणाऱ्या शेतकऱ्यांना दर वासरामागे अनुदान देतं. तिथे या गाईंचं दूध कुणी काढत नाही, सगळं वासराच्याच पोटात जातं. २०२५ पासून या अनुदानाला नवी अट लागली. गाईच्या दोन वेतांमधलं अंतर ४१० दिवसांपेक्षा जास्त नको. पहिलारू गाईला अर्थात सूट आहे. पण बाकीच्यांचा ४११ वा दिवस उजाडला की त्या वासराचे पैसे गेले. यामागचा हिशोबही सरळ आहे. भाकड गाय चारा खाते, मिथेन सोडते, वासरू मात्र देत नाही.

मी पडलो कॉम्प्युटरवाला. मला हा नियम एकदम पटला. एक तारीख, दुसरी तारीख, वजाबाकी, संपला विषय! मग उगाच मामाला फोन लावला. मामा कंधार तालुक्यात राहतात, दावणीला दोन लाल कंधारी गाई आहेत.

"मामा, तुमची गाय किती दिवसांनी विते हो?"

"दिवस कोण मोजतंय रे बापू? पाऊस चांगला झाला तर वर्षा-सव्वा वर्षाला. नाही झाला तर दोन वर्षाला."

मामाच्या या उत्तरात पाऊस होता, माझ्या वजाबाकीत तो नव्हता. म्हणून रविवार या विषयातच गेला.

आधी थोडं गणित. गाय साधारण २८० ते २८५ दिवस गाभण असते. म्हणजे ४१० चा आकडा गाठायचा तर व्याल्यापासून सव्वाचार महिन्यांत ती पुन्हा गाभण राहायला हवी. त्यासाठी ती माजावर यायला हवी. अंगावर मांस नसेल तर गाय माजावर येत नाही. वासरू सतत पीत असेल तरी माज लांबतो. आता मराठवाड्यातली गाय बघा. उन्हाळ्यात नुसता कडबा, तोही पुरला तर. आणि लाल कंधारी वासरू तोंडाशी लावल्याशिवाय सहसा पान्हा सोडत नाही. म्हणजे वेत लांबायची दोन्ही कारणं आमच्याकडे घरातच आहेत.

मग आमच्या पूर्वजांनी असली गाय सांभाळली कशाला? तर दुधासाठी नाहीच मुळी.

मराठवाड्याच्या दोन नावाजलेल्या जाती, नांदेडची लाल कंधारी आणि लातूरची देवणी. कंधारीचं नाव कंधार गावावरून पडलं. राजा सोमदेवरायाने ही जात जोपासली अशी आख्यायिका सांगतात. देवणीचं नाव देवणी गावावरून. हा उदगीरचा मुलूख १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता, म्हणून देवणी आजही कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेपलीकडे दिसते. तिच्यात गीर आणि डांगीचं रक्त असल्याचं जाणकार मानतात. वानेरा, बालंक्या, शेवेरा असे रंगावरून तिचे प्रकार पाडतात.

दोन्हींचं खरं काम बैल देणं. इथली काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी होते आणि पावसात पाय धरून ठेवते. अशा रानात नांगर ओढायला ताकदीचा बैल लागतो. त्यामुळे गाईची किंमत लिटरवर ठरत नव्हती, तिच्या पोटी निपजलेल्या गोऱ्ह्यावर ठरत होती. चांगला गोऱ्हा झाला की त्याच्यासाठी आचळं राखून ठेवायचे, घरातल्या पोरांना दूध कमी पडलं तरी चालेल. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो, तिथे खोंडाचे खांदे, खूर आणि चाल बघतात.

लाल कंधारी एका वेतात सरासरी ६०० लिटरच्या आसपास दूध देते, देवणी साडेआठशेच्या आसपास. संकरित गाईपुढे हे आकडे हास्यास्पद वाटतात. पण ज्या स्पर्धेत ती कधी उतरलीच नाही, तिथे तिला नापास करणं कितपत बरोबर?

सरकारने मात्र तिची परीक्षा घेतली ती त्याच विषयात. १९७० मध्ये दुधाचा महापूर योजना सुरू झाली. १९७२ चा दुष्काळ पडला, त्याच वर्षी परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झालं. तिथे पुढे होल्स्टीन आणि देवणीच्या संकरातून 'होलदेव' गाय तयार केली गेली. १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभर पोचला आणि दुभती जनावरं घ्यायला कर्ज आणि अनुदान मिळू लागलं. हेतू चांगलाच होता. शहरांना दूध हवं होतं, गावात रोख पैसा हवा होता. जिथे पाणी आणि हिरवा चारा होता तिथे संकरित गाईने घरं उभी केली, हे नाकारून चालणार नाही. पण तेव्हापासून गाय मोजायचं माप 'लिटर' झालं ते झालंच.

जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं. अट काय? दूध सहकारी किंवा खाजगी डेअरीला घातलेलं हवं, गाईच्या कानात बिल्ला हवा, फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५ हवं. मामाच्या गाईचं दूध फॅटमध्ये सहज पास होतं. फक्त ते डेअरीपर्यंत जात नाही, कारण ते वासराने प्यायलेलं असतं! शिवाय कालवडच होईल अशा रेतमात्रांवर केंद्राचं अनुदान आहे. म्हणजे जो गोऱ्हा या जातीच्या असण्याचं कारण होता, तो आता नकोसा झाला.

आणि खरं सांगायचं तर तो शेतकऱ्यालाही परवडेनासा झालाय. नांगरट ट्रॅक्टरने होते. मार्च २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदी बैल-वळूंनाही लागू झाली, त्यामुळे म्हातारा बैल विकून नवा घ्यायला पैसे उभे करायची वाटही बंद झाली. त्याच वर्षी दुष्काळ, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. माणसाला पाणी रेल्वेने येतंय, तिथे गाय वेळेवर माजावर कशी येणार? सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गाय 'राज्यमाता-गोमाता' झाली आणि गोशाळेतल्या देशी गाईला दिवसाला ५० रुपये जाहीर झाले. मामाच्या दावणीला बांधलेल्या गाईला नाहीत. तीच गाय मामाने सोडून दिली आणि ती गोशाळेत पोचली तर मात्र मिळतील. या नियमाने कंधारी कशी टिकणार, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

असो. माझा मोजण्याला विरोध नाही, माझं पोटच त्यावर चालतं. आमच्या ऑफिसात तक्रार किती तासांत बंद केली हे मोजायला लागले, तेव्हा आम्ही तक्रारी सोडवायच्या आधी बंद करायला शिकलो. आकडा सुधारला, गिऱ्हाईक वैतागलं. दोन वेतांतलं अंतर हा आकडासुद्धा उपयोगाचा आहे. मामाने माज वेळेवर ओळखला, खनिज मिश्रण चारलं, तर काही महिने नक्की वाचतील. पण तो आकडा पशुवैद्याच्या हातात असला तर औषध आणि अनुदानाच्या अर्जावर असला तर दंड. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या आणि बेटांवरच्या शेतकऱ्यांचीही हीच कुरकुर आहे की आमच्याकडे गवत कमी, हवा वाईट, एक वर्ष मागेपुढे होणारच. त्यांचं गाऱ्हाणं वाचताना मला मामाचाच आवाज ऐकू येत होता.

माझ्या मते कंधारी-देवणी टिकवायची असेल तर पैसे दावणीला द्यावेत, नोंदणी झालेल्या शुद्ध वासरामागे, गोऱ्हा असो की कालवड. अंतर मोजायचंच तर तीन-चार वेतांची सरासरी धरावी आणि दुष्काळी वर्ष त्यातून वगळावं. प्रोग्रॅममध्ये दोन ओळी वाढतील, एवढंच.

रात्री मामाला हे सगळं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते सगळं खरं बापू. पण थोरली गाय आता सात महिन्यांची गाभण आहे. गोऱ्हा झाला तर ठेवू का विकू, तेवढं सांग."

मला अजून उत्तर देता आलेलं नाही.