माथेरानहून सिद्धगडाकडे

उन्हाळा जवळ आला म्हणजे शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत एक प्रश्न हटकून निघतो. यंदा कोठें जावयाचें? हल्लींचीं नवविवाहित जोडपीं विमानानें मालदीव बेटांवर किंवा अंदमानास जातात, पाण्यांत खांब रोवून उभारलेल्या कुटींत चार दिवस राहतात आणि समुद्राचीं छायाचित्रें घेऊन परत येतात. त्यांच्या आजोबा-पणजोबांना असें बेट परवडण्यासारखें नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर त्याची त्यांना फारशी गरजहि नव्हती. मुंबईच्या जवळच एक बेट त्यांच्यासाठीं तयार होतें. पावसाळा सरल्यावर एकाद्या पहाटे माथेरानच्या कड्यावर उभें राहावें. खालचें सारें कोंकण धुक्यानें भरून गेलेलें असतें. प्रबळ, मलंग वगैरे डोंगर त्या पांढऱ्या समुद्रांतून डोकीं वर काढून असतात, आणि आपण खरोखरच एका बेटावर उभे आहों असें वाटल्यावांचून राहत नाहीं. ईशान्येकडे सह्याद्रीच्या रांगेला लागून एक थोराड डोंगर दिसतो. तो सिद्धगड. आज मला श्रोत्यांना या बेटावरून त्या गडाकडे न्यावयाचें आहे. पांखराच्या वाटेनें हें अंतर फार नाहीं. माणसाच्या वाटेनें मात्र तें पुष्कळ आहे.

माथेरानचा 'शोध' १८५० सालीं लागला असें आपण शाळेंत वाचतों. शोध हा शब्द मला नेहमींच थोडा गंमतीचा वाटतो. ठाण्याचे तेव्हांचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे त्या वर्षींच्या मे महिन्यांत पायथ्याच्या चौक गांवीं मुक्कामाला असतां गांवच्या पाटलास बरोबर घेऊन डोंगर चढले, आणि रामबागेच्या बाजूनें खालीं उतरले. पाटलाला वाट ठाऊक होती, म्हणजे डोंगराचा शोध पूर्वींच लागलेला होता. ठाकूर, कातकरी आणि धनगर या लोकांना त्या माथ्यावरचें रान, पाणी, पायवाटा सर्व परिचयाचें होतें. माथेरान या नांवाची फोड कोणी 'माथ्यावरचें रान' अशी करतात, कोणी 'मातेचें रान' अशी. कोणतीहि घेतली तरी तें नांव इंग्रजांनीं दिलेलें नाहीं, एवढें उघड आहे. मॅलेटसाहेबांचें श्रेय इतकेंच, कीं हा डोंगर साहेबाच्या प्रकृतीला मानवेल हें त्यांनीं ओळखलें. हिंवाळ्यांत ते पुनः आले, वाटा साफ करविल्या आणि १८५१ मध्यें 'बाइक' नांवाचें घर बांधावयास घेतलें. १८५५ सालीं मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन येथें येऊन गेले. त्यांनीं आपल्या बंगल्यासाठीं जागा निवडली, आणि मग काय विचारतां! गव्हर्नर जेथें उन्हाळा काढतो तेथें बाकीच्यांना उकाडा सहन होईनासा होतो.

याला आगगाडीचा हातभार लागला. १८५६ सालीं लोहमार्ग कल्याणच्या पुढें नेरळवरून पळसदरीपर्यंत गेला आणि डोंगराचा पायथा मुंबईच्या घरांशीं जोडला गेला. सकाळीं मुंबईंत निघालेला मनुष्य त्याच दिवशीं माथ्यावर थंड वाऱ्यांत बसूं शकूं लागला. पारशी शेटजी, बोहरी व्यापारी, गुजराती आणि मराठी गृहस्थ यांचेहि बंगले पुढें उठले.

त्या काळांतील एका जोडप्याची हकीकत प्रसिद्ध आहे. सुप्रसिद्ध प्रवासी रिचर्ड बर्टन आणि त्याची पत्नी इझाबेल हीं १८७६ च्या आरंभीं मुंबईस उतरलीं, आणि त्या मुक्कामांत माथेरानासहि जाऊन आलीं. या प्रवासावर इझाबेलनें एक ग्रंथ लिहिला. तो १८७९ सालीं प्रसिद्ध झाला. यांतली मौज अशी कीं, बर्टन हा तरुणपणीं मुंबईच्या फौजेंत अधिकारी होता, आणि आजारपणाच्या रजेवर निलगिरीस जाऊन आल्यावर त्यानें 'गोवा अँड द ब्लू मौंटन्स' हें पुस्तक १८५१ सालीं काढून थंड हवेच्या ठिकाणच्या साहेबी जीवनाची भरपूर टवाळी केलेली होती. पंचवीस वर्षांनीं पत्नीसह तो स्वतःच तशा डोंगरावर पाहुणा झाला. संसार माणसाला काय काय करावयास लावतो याचा हा एक दाखला समजावा.

परंतु पाहुण्याच्या हकीकतींत जें सहसा येत नाहीं तेंच मला आज सांगावयाचें आहे. डोंगरावर सुखानें राहणें म्हणजे काय? त्या माथ्यावर गव्हाचा दाणा पिकत नव्हता. पीठ, साखर, साबण, रॉकेल, कांचेचीं भांडीं, लोखंडी पलंग, मडमेचा पियानोसुद्धां, जें जें म्हणून वर लागे तें तें खालून कोणीतरी वाहून न्यावयाचें. नेरळपासून वर जाणारा पाहुणा तट्टावर बसे, नाहीं तर पालखींत किंवा खुर्चींत. म्हणजे त्याचेंहि वजन कोणाच्या तरी खांद्यावरच असे. पुढें हातरिक्षा आली. मोटारीला माथ्यावर मज्जाव असल्यामुळें माथेरानची हवा स्वच्छ राहिली, याबद्दल आपण सर्वजण त्या नियमाला धन्यवाद देतों. मात्र मोटारीनें जें काम केलें नाहीं तें माणसाच्या पाठीनें केलें, हा त्याच नियमाचा दुसरा अर्थ आहे. हंगाम वर्षांतून दोनदां; दिवाळीच्या सुमारास एक आणि उन्हाळ्यांत एक. या दोन हंगामांत जें मिळेल त्यावर हमालानें, घोडेवाल्यानें, न्हाव्याधोब्यानें वर्ष काढावयाचें. डॉक्टर जे. वाय. स्मिथ यांनीं १८७१ सालीं माथेरानावर एक पुस्तक लिहिलें. त्यांत डोंगरावरील झाडें आणि पशुपक्षी यांच्याबरोबर तेथील माणसांचेंहि वर्णन आहे. वर्णन सहानुभूतीचें असलें तरी माणसांचें प्रकरण झाडांपशूंच्या पंक्तीला बसविलेलें पाहून वाचकाला थोडें चमत्कारिक वाटतें.

१९०७ सालीं नेरळहून माथ्यापर्यंत दोन फूट रुंदीच्या रुळांची छोटी आगगाडी सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांनीं पैसा पुरविला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनीं ती चिकाटीनें बांधून काढली. वीस फुटांस एक फूट असा चढ ती कांहीं ठिकाणीं चढते. वाटेंत एकच बोगदा आहे आणि तो इतका आंखूड कीं, त्याला इंग्रजींत नवविवाहितांना साजेसें एक खेळकर नांव पडलें आहे. एका चुंबनापुरता अंधार, असा त्याचा भावार्थ. वडील मंडळी ऐकत असतील म्हणून अधिक विस्तार करीत नाहीं.

आतां याच जोडप्यांच्या गोष्टीला एक दुसरी बाजू आहे. ज्या वर्षांत बोगद्याला असलें नांव देण्याइतकी मुंबईची मंडळी आनंदी होती, त्याच वर्षांत खालच्या मुलखांत, कर्जत, मुरबाड, शहापूर या भागांत, कातकऱ्या-ठाकरांचें लग्न म्हणजे काय होतें? लग्नाला पैसा लागे. तो सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून घ्यावा लागे. आणि तो फिटेपर्यंत नवऱ्यानें त्याच्या घरीं राबावें लागे. अशा मनुष्याला ठाणे जिल्ह्यांत 'लग्नगडी' म्हणत. कर्ज सहसा फिटत नसे, आणि नवऱ्याच्या मागून त्याची बायकोहि त्याच अंगणांत कामाला लागे. सायमिंग्टन या अधिकाऱ्यानें मुंबई प्रांतांतील डोंगरी जमातींविषयीं सरकारास सादर केलेला अहवाल १९३९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत या वेठबिगारीची स्पष्ट दखल घेतलेली आहे. पावसाळ्यांत खावयाला धान्य उचलावें आणि सुगीला दिढी-दुपटीनें परत करावें, हें कर्ज तर घरोघर होतें. माथेरानच्या कड्यावरून दुर्बिणीनें देखावा पाहणाऱ्यांना हिरवीं भाताचीं खाचरें दिसत. तें भात कोणाच्या कणगींत जाणार हें दुर्बिणींतून दिसत नसे.

माथेरानावर राहणाऱ्या एका मनुष्याला मात्र तें दिसलें. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजीं माथेरानांतच एका नाभिक कुटुंबांत झाला. घर गरिबीचें. पाहुण्यांच्या हंगामावर ज्यांची चूल पेटते अशांपैकीं एक. मुलगा बुद्धीनें तल्लख निघाला, शिक्षणासाठीं पुण्यास गेला, आणि पुढें कायद्याची पदवी मिळवून वकील झाला. १९३५ सालीं पुण्याच्या इंदुताईंशीं त्यांचा विवाह झाला. वकिलींत स्थिरावून कोणत्याहि शहरांत सुखानें राहणें या जोडप्याला कठीण नव्हतें, आणि उन्हाळ्यांत पाहुणा म्हणून माथेरानास येणेंहि अशक्य नव्हतें. पण भाई कोतवाल परत आले ते घरचे म्हणून आले. माथेरान नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष झाले. ज्या डोंगरावर त्यांच्या वाडवडिलांनीं पाहुण्यांची सेवा केली त्याचा कारभार त्यांच्या हातीं आला, ही गोष्ट लहान नव्हे.

त्यांचें लक्ष मात्र डोंगराखालीं होतें. कर्जतच्या खेड्यांतून त्यांनीं शाळा सुरू केल्या. त्यांत शिकविणारे तरुण स्वयंसेवक असत. सावकाराच्या दाराशीं जाण्याची पाळी येऊं नये म्हणून धान्याच्या पेढ्या काढल्या. शेतकऱ्यानें सुगींत धान्य ठेवावें आणि अडचणींत त्यांतूनच उचलावें, अशी साधी योजना. एका मूठभर भाताचा हा प्रश्न, परंतु त्या मूठभर भातावरच लग्नगड्याचें आयुष्य गहाण पडत असे. माझ्या मतें त्यांच्या पुढील पराक्रमापेक्षां या शाळा आणि या पेढ्या यांची आठवण कमी केली जाते, हें बरोबर नाहीं.

१९४२ चा ऑगस्ट आला. पुढाऱ्यांना पकडण्यांत आलें आणि भाई कोतवाल भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्यांत कर्जत भागांतील शेतकरी होते, खेड्यांतल्या त्या शाळांचे शिक्षक होते. लढाईचे दिवस, मुंबईच्या गिरण्या, कारखाने, आगगाड्या घाटाखालच्या वीजगृहांतून येणाऱ्या विजेवर चालत. ती वीज वाहून नेणाऱ्या तारांचे लोखंडी मनोरे याच रानांतून गेलेले. सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत दस्त्यानें रात्रीं करवतींनीं पाय कापून अकरा मनोरे पाडले. मुंबईचे दिवे डोंगरांतल्या माणसांच्या लक्षांत पूर्वींपासून होते. डोंगरांतलीं माणसें मुंबईच्या लक्षांत आलीं तीं त्या वेळीं. सरकारनें त्यांना पकडून देणाऱ्यास बक्षीस लावलें. पाठलाग वाढला तसा दस्ता उत्तरेकडे सरकत मुरबाडच्या रानांत आला, आणि सिद्धगडाच्या पायथ्याच्या जंगलांत त्यानें मुक्काम केला.

हा गड तीन हजार फुटांहून अधिक उंच आहे. मधल्या माचीवर लहानशी वस्ती आहे, नारमातेचें देऊळ आहे, आणि चोहोंकडे एवढें दाट रान कीं, दहा पावलांवरचा मनुष्य दिसूं नये. मार्गशीर्षाची थंडी, विस्तव पेटवावा तर धूर दिसण्याची भीति. येथेंहि जेवण खालच्या वाड्यांतूनच डोक्यावर येत असे. पण येथें तें आणणाऱ्याला मजुरी मिळत नसे, आणि सांपडला तर तुरुंग ठरलेला होता. माथेरानाला पन्नास वर्षें जे लोक ओझें पोहोंचवीत आले त्यांच्याच जातिबांधवांनीं हें ओझें आपण होऊन उचललें.

ठावठिकाणा फितुरीनें फुटला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे हॉल या पोलीस अधिकाऱ्याच्या तुकडीनें जागा वेढली आणि गोळीबार केला. हिराजी गोमाजी पाटील पडले, भाई कोतवाल पडले. भाईंचें वय पुरतें एकतीसहि नव्हतें. इंदुताईंच्या संसाराला त्या वेळीं साडेसात-आठ वर्षें झालीं होतीं.

पुढची हकीकत थोडक्यांत. स्वातंत्र्य आलें, साहेब गेले, त्यांचे बंगले हातोहात दुसऱ्यांकडे गेले, खानावळींचीं मोठीं हॉटेलें झालीं. २००३ सालीं माथेरान आणि त्याभोंवतालचा प्रदेश पर्यावरणाच्या दृष्टीनें संवेदनशील म्हणून घोषित झाला. मोटारबंदीला त्यामुळें आणखी बळकटी आली. हातरिक्षाहि चालूच राहिली. नवविवाहित जोडपें आंत बसलेलें, एक जण पुढें ओढतो आहे आणि मागून दोघे ढकलीत आहेत, हें चित्र आपण सर्वांनीं पाहिलेलें आहे. कित्येकांनीं आंत बसूनहि पाहिलें असेल, मींहि पाहिलें आहे. ओढणाऱ्यांचे परवाने ९४. त्यांनींच विजेच्या रिक्षेची मागणी केली, वर्षानुवर्षें खेटे घातले, आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आदेश दिला कीं, माणसानें माणसास ओढण्याची ही पद्धति सहा महिन्यांत बंद व्हावी व विजेच्या रिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळतील अशी योजना राज्य सरकारनें करावी. मॅलेटसाहेब चौकाहून वर आले त्याला तेव्हां पंचाहत्तर अधिक शंभर वर्षें होऊन गेलीं होतीं.

सिद्धगडाच्या पायथ्याशीं, मुरबाडच्या बाजूस, दोघां हुतात्म्यांचें स्मारक आहे. दर वर्षीं २ जानेवारीला उजाडण्यापूर्वीं तेथें लोक जमतात, कारण गोळीबार झाला ती वेळ पहाटेची होती. रात्रींच मुरबाडहून, कर्जतहून निघून, कांहीं जण पायीं येतात. माथेरानाहूनहि मंडळी येतात. थंडी फार असते. शेकोट्या पेटलेल्या असतात.