दिल्लीचे विस्मृत सुवर्ण

१९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेचा विषय निघाला, की आम्हां जळगाव-धुळ्याच्या मंडळींना पुरुष हॉकीत पाकिस्तानकडून झालेला ७-१ असा पराभव तेवढा आठवतो. त्याच स्पर्धेत भारतीय महिलांनी हॉकीचे सुवर्णपदक जिंकले, हे मात्र आम्ही विसरलो! त्या संघाच्या कर्णधार होत्या एलायझा नेल्सन, जन्माने पुणेकर. त्याआधी १९८० साली मॉस्कोत महिला हॉकीने ऑलिंपिकमध्ये प्रथमच पदार्पण केले, तेव्हाही त्या संघात होत्या. विजेत्या झिंबाब्वेला भारताने १-१ असे बरोबरीत रोखले. सोव्हिएत रशियाकडून मात्र हार झाली आणि कांस्यही त्यांच्याकडेच गेले. भारत चौथा. दिल्लीचे सुवर्ण त्यानंतर दोनच वर्षांनी आले. पुढे एलायझाबाईंना पद्मश्री लाभली, तरी खानदेशात त्यांचे नाव क्वचितच निघते.