ड्रायव्हरशेजारची जागा

रत्नागिरीत आपल्या आजोबांच्या पिढीच्या बोलण्यात ‘फ्रंट सीट’ हा शब्द एका खास अर्थाने येत असे. कुणाची ऐपत सांगायची झाली की आमचे आजोबा म्हणायचे, “तो काय, फ्रंट सीटवाला!” त्या माणसाच्या दारात मोटार असायची असे नाही. सर्व्हिस मोटारीत ड्रायव्हरच्या डाव्या हाताला एक-दोन माणसांची जागा असे, तिथे बसणारा तो. गावचे खोत, डॉक्टर, कोर्टाच्या तारखेला निघालेले वकील यांच्यासाठी ती जागा कुणी न सांगता मोकळी राही. बाकीचे मागे, बाकांवर, बोचक्यांसह.

या एका जागेचा इतिहास मी स्मरणिकेसाठी निवडला, त्याला कारण आहे. ते पुढे येईलच. माझी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत गेली, त्यामुळे गाडीकडे मी खिडकीतून कमी आणि खालून जास्त पाहिले आहे. तेव्हा मंडळी, अधूनमधून नट-बोल्ट आले तर सांभाळून घ्या.

आपल्याकडे मोटार तशी उशिराच रुळली. मुंबईला जायचे ते बोटीने, आणि पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की जिथे आहात तिथेच राहायचे. मुंबई शहरात पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी धावली. बाहेरच्या मुलखात त्याच दशकात खासगी मालकांनी मोटारी सुरू केल्या. तिकीट काय घ्यायचे, किती माणसे कोंबायची, गाडी केव्हा सोडायची, हे सगळे मालकाच्या मर्जीवर. गाडी भरली की निघाली, हेच वेळापत्रक! १९३९ साली मोटार वाहन कायदा आला, तेव्हा एकेका मार्गावरच्या मालकांना एकत्र यावे लागले आणि ठरलेली वेळ, ठरलेले थांबे, ठरलेले भाडे असे काहीतरी दिसू लागले. पुढची सीट मात्र कायद्याने नव्हे, रिवाजाने चालत राहिली.

आता यात यंत्राचा भाग आहे, आणि तोच सहसा कुणी सांगत नाही. त्या गाड्यांना नाक होते. इंजिन ड्रायव्हरच्या पुढे, बाहेर काढलेल्या बॉनेटखाली. त्यामुळे ड्रायव्हरच्या शेजारी सपाट जमीन, पाय लांब करायला जागा, समोर काच आणि पुढून वारा. मागच्या चाकापासून ही जागा लांब, म्हणून धक्केही कमी. म्हणजे खोतांना नुसता मान मिळत नव्हता, गाडीतली सर्वांत चांगली जागा मिळत होती. मान आणि आराम एकाच सीटवर होते.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई राज्याचे गृहमंत्री होते. बेडफर्ड कंपनीची गाडी, लाकडी बॉडी, तीस आसने. पहिल्या फेरीचे चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे ही नावे एसटीत आजही घेतली जातात. त्या काळात आसनांत काथ्या भरलेला असे. नारळाच्या सोडणाचा काथ्या म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको. नवा असताना तो उसळता असतो, वर्षभर माणसे बसली की घट्ट फरशी होतो. सुरुवातीच्या ताफ्यात दहा वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या होत्या: शेवरलेट, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट. एकीचा स्पेअर दुसरीला बसत नाही. कार्यशाळेत काम केलेला माणूस ही यादी वाचूनच घाम पुसतो.

एसटीने एक मोठी गोष्ट केली. तिकीट काढले की सगळे सारखे. ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ हे नुसते पाटीवर राहिले नाही. खोत आणि त्यांचे कूळ एकाच बाकावर, एकाच भाड्यात बसू लागले, आणि कोकणात ही साधी गोष्ट नव्हती. आराम मिळवायचा तर त्यासाठी वेगळी गाडी निघाली. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ‘नीलकमल’ आणि ‘गिर्यारोहिणी’ या दोन गाड्या पुणे-महाबळेश्वर मार्गावर धावत. मॉरिस कमर्शियलच्या चासीवर बांधलेल्या, दोन-दोनची आसने, पडदे, हिरवट काचा आणि चक्क घड्याळ. तरी पुढच्या जागेचा मान एका कोपऱ्यात शिल्लक राहिलाच. एसटीच्या पुढच्या आसनांवर ‘आमदार, खासदार यांच्यासाठी राखीव’ अशी अक्षरे आपण सगळ्यांनी वाचली आहेत. शाळेत असताना ती वाचून आपण तिथे मुद्दाम बसायचो. त्या सीटवर बसलेला आमदार मला अजून भेटायचा आहे.

मग ड्रायव्हरशेजारची सीट गेली कुठे? ती कुणी काढून टाकली नाही, इंजिनाने खाल्ली. गाडीचे नाक कापून इंजिन आत, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला आणले की तेवढ्याच लांबीत प्रवाशांची आणखी एखादी ओळ बसते. रोजच्या प्रत्येक फेरीत ती ओळ भाडे देते. हिशेब बिनतोड आहे, मीही तो चुकीचा म्हणणार नाही. पण त्यामुळे जिथे पूर्वी उत्तम सीट होती तिथे पत्र्याचा एक तापलेला उंचवटा आला. त्यालाच आपण ‘बॉनेट’ म्हणत आलो. गणपतीत, शिमग्यात गाडी भरली की त्या बॉनेटवर गोधडी टाकून माणसे बसत. हातखंब्यापर्यंत ऊब बरी वाटते, मुंबईकडे निघालेला असाल तर परशुराम घाट चढेपर्यंत शेकून निघता. गिअरचा दांडा गुडघ्याला लागतो तो वेगळा. सहलीला जाताना त्या बॉनेटवर बसण्यासाठी आपल्यात मारामाऱ्या व्हायच्या, कारण रस्ता समोर दिसतो! बाराव्या वर्षी माणूस दृश्यासाठी काहीही सोसतो.

पुढे आराम आला तो मागच्या आसनांना. १९८२च्या दिल्लीच्या आशियाई खेळांनंतर ‘एशियाड’ गाड्या आल्या. सरकारी नाव निमआराम, पण लोकांनी ठेवलेले नावच टिकले. जून २०१७मध्ये वातानुकूलित ‘शिवशाही’ सुरू झाली ती मुंबई-रत्नागिरी मार्गावर, आणि त्या दिवशी आपल्या बॅचच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला. काथ्याचा फोम झाला, फोमची पुशबॅक सीट झाली. पण या सगळ्या काळात ड्रायव्हरच्या शेजारी कामासाठी बसणारा माणूस, मग तो क्लीनर असो, रातराणीचा दुसरा चालक असो की शाळेच्या गाडीतली ताई असो, त्याच्या बुडाखाली काय आहे याचा विचार फारसा कुणी केला नाही. खोत पुढून उठले आणि त्या जागेला कुणी वालीच उरला नाही.

अमेरिकेत हीच गोष्ट वेगळ्या वाटेने घडली. एप्रिल १९३९मध्ये, म्हणजे आपल्या मोटार कायद्याच्याच वर्षी, न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर नावाच्या प्राध्यापकांनी परिषद भरवली. तेव्हाच्या ४८ही राज्यांचे प्रतिनिधी आले आणि शाळेच्या बससाठी ४४ मानके ठरली. पिवळा रंग हे त्यातलेच एक, आणि तो पुढे आपल्याकडेही आला. त्या बसला नाक असते, पण ड्रायव्हरशेजारच्या जागी दार आणि पायऱ्या असतात, कारण मुले ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर चढावी-उतरावी लागतात. आता तिथले हौशी लोक जुन्या स्कूल बस विकत घेऊन त्यांची फिरती घरे करतात. आत पलंग येतो, स्वयंपाकघर येते, आणि शेवटी लक्षात येते की नवरा गाडी चालवत असताना बायकोने बसायचे कुठे? मग पायऱ्यांवर पडणारी घडीची सीट, किंवा दाराच्या मागे बोल्टने बसवलेली फिरती खुर्ची. गाडी चालू असताना खुर्ची पुढे तोंड करून कुलपात अडकलीच पाहिजे, हा त्यातला पहिला नियम.

आपल्याकडेही गाड्यांना दुसरा जन्म मिळतो. पुण्या-मुंबईत डोअर स्टेप स्कूल ही १९८८मध्ये सुरू झालेली संस्था बसमध्येच मुलांचे वर्ग भरवते. मे २०२०मध्ये टाळेबंदीत प्रवासी नव्हते, तेव्हा एसटीने जुन्या गाड्यांतली आसने काढली, खिडक्यांना पत्रा मारला आणि मालवाहतूक सुरू केली. पहिली खेप गेली ती आपल्या रत्नागिरीहून बोरिवलीला, आंब्याच्या पेट्या घेऊन. आयुष्यभर आसने बसवणाऱ्या माणसाला आसने निघालेली पाहणे जड जाते, पण त्या वर्षी हापूस घरी सडण्यापेक्षा ते कितीतरी बरे होते.

आता कारण सांगतो. आपल्या बॅचने शाळेला द्यायचे ठरवलेले फिरते वाचनालय म्हणजे मुलांच्या ने-आणीतून काढलेली एक पिवळी बस. आतली आसने काढून दोन्ही बाजूंना फळ्या बसवल्या आहेत, आठवड्याचे पाच दिवस ती वाड्यावाड्यांवर जाणार आहे. चालवणार ड्रायव्हर, आणि पुस्तके देणार ग्रंथपाल बाई. या दोघांपैकी एकालाच सीट आहे. मी गाडी पाहिली तेव्हा डाव्या कोपऱ्यात टूलबॉक्सवर रेक्झिन ठोकलेली एक फळी होती, तीही आडवी, दाराकडे तोंड करून. मुलांच्या ने-आणीत असताना परिचर ताई याच फळीवर बसत. महाराष्ट्रात स्कूल बससाठी २०११ साली नियम आले, त्यांत परिचर हवा, मुली असतील तर महिला परिचर हवी, शाळेत परिवहन समिती हवी, मुख्याध्यापकांनी तिचे अध्यक्ष व्हावे, असे सगळे आहे. चांगलेच आहे. पण माणूस हवा म्हटले की त्याला बसायलाही हवे.

ग्रुपवर मी चांगल्या सीटचा विषय काढला तेव्हा काहींचे म्हणणे पडले की त्या पैशांत शंभर पुस्तके येतील. येतील, खरे आहे. एकाने सुचवले की सीट करायचीच तर तिच्यावर देणगीदारांची नावे घालू आणि उद्घाटनाला पाहुण्यांना तिथे बसवू. म्हणजे पुन्हा खोतांची फ्रंट सीट! मला ती जागा पाहुण्यांसाठी नको आहे. बाई रोज जांभ्या दगडाच्या रस्त्यांवरून फिरणार. आडव्या फळीवर बसलेल्या माणसाला ब्रेक लागला की धरायला काही नसते, अंग कडेला फेकले जाते आणि सगळा झटका कंबर आणि मान घेते. पाच-सहा महिन्यांत पाठ धरली की बाई येणे थांबवतील, आणि मग शंभर काय, हजार पुस्तके असली तरी ती गाडी शाळेच्या आवारात उभी राहील.

काम काय आहे तेही सांगून ठेवतो. या गाडीचे दार पुढच्या चाकाच्या मागे आहे, त्यामुळे डावा कोपरा मोकळा मिळतो, पायऱ्यांची अडचण नाही. जुन्या गाडीची जमीन प्लायवूडची, वरून पत्रा. तिच्यात नुसते स्क्रू मारून सीट बसवली तर पहिल्याच जोराच्या ब्रेकला ती स्क्रूंसकट पुढे येईल. बोल्ट आरपार जाऊन खालच्या आडव्या पोलादी पट्ट्यांत बसले पाहिजेत, खालून जाड प्लेट हवी. पट्टा तीन ठिकाणी अडकणारा, वरची अडकवण बाजूच्या खांबाला. बॉनेटचे झाकण उघडता आले पाहिजे, नाहीतर मेकॅनिक पहिल्या दिवशी सीटच काढून ठेवील आणि ती परत कधी बसणार नाही. झाकणाला आतून उष्णतारोधक अस्तर. सीटची पाठ इतकी उंच नको की ड्रायव्हरला डावा आरसा दिसेनासा होईल. आणि असा बदल आरटीओला न विचारता करायचा नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम आहेच, शिवाय नोंदणी पुस्तकात एक आसन मोजलेले नसेल तर विम्याच्या वेळी तोंड दाखवायला जागा राहत नाही.

सीटचा सांगाडा मोडीत काढलेल्या एका आरामगाडीचा मिळाला आहे, गंज नाही, घडीचे सांधे ठीक आहेत. फोम नवा घालायचा. अर्ज भरून झाला आहे, आपल्यातल्या दोघा वकिलांनी तो वाचून दोन वेगवेगळ्या दुरुस्त्या सुचवल्या, त्याही केल्या. मागच्या रविवारी सांगाडा नुसता ठेवून बाईंना बसायला सांगितले. पाय जमिनीला नीट टेकत नव्हते, म्हणून पाया दीड इंच खाली घेतला. ग्रुपवर आता कापडाच्या रंगावरून वाद चालू आहे. बाईंनी मळखाऊ निळा सांगितला आहे, मी निळेच आणले.