मस्टरबाहेरची बोटं

कपाशीची कोणती कळी उद्या उमलणार हे माझ्या मायला बांधावरूनच कळायचं. दुपार कलली की ती तशा कळ्या हेरायची. अंगठ्याचं नख कळीच्या बुडाशी गोल फिरवून पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी एका हिसक्यात उचलायची, आतल्या कुक्षीला धक्का न लावता वर तांबड्या कागदाची टोपी चढवायची. सकाळी नर ओळीतली फुलं खुडून आणायची, टोपी काढून फुलाचे पराग त्या कुक्षीवर फिरवायचे. आमच्याकडे याला ‘क्रॉसिंग’ म्हणतात. कळी चुकली तर त्या बोंडातली सरकी भेसळीची. १९८१ च्या १ मे रोजी जालना जिल्हा झाला आणि त्याच वर्षी पोळ्यानंतर मी मायबरोबर पहिल्यांदा सीड प्लॉटवर गेले. तेव्हा सोळा वर्षांची होते.

‘जालना सोने का पालना’ ही म्हण फार जुनी, निजामाच्या काळापासून चालत आलेली. आता मात्र सोनं म्हणजे बियाणं. ही गोष्ट सांगताना लोक बद्रीनारायण बारवाले यांचं नाव घेतात आणि ते घ्यायलाच हवं. हिंगोलीत जन्मलेला, निजामाविरुद्धच्या लढ्यात तुरुंग भोगलेला हा माणूस जालन्यात स्थिरावला, १९६४ साली त्याने इथे महिको ही बियाणे कंपनी काढली आणि १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार या गावात आणला. पण त्यांच्या गोष्टीची सुरुवात ज्या भेंडीपासून होते, ती ‘पुसा सावनी’ दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतली, सरकारी पगारावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी घडवलेली. केवड्याने पिवळी पडणारी भेंडी पाहिलेल्या शेतकऱ्याला त्या वाणाचं मोल विचारा.

महिको निघायच्या आदल्याच वर्षी, १९६३ मध्ये, केंद्र सरकारने राष्ट्रीय बीज निगम उभं केलं. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. १९६६ मध्ये बियाणे कायदा झाला. उगवणशक्ती किती, शुद्धता किती, पिशवीला कोणत्या रंगाची खूणचिठ्ठी, हे ठरलं: पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळी, पायाभूतला पांढरी, प्रमाणितला निळी. शेतकरी अनोळखी माणसाच्या पिशवीवर विश्वास ठेवू लागला तो या चिठ्ठीमुळे. बारवाल्यांची जिद्द खरीच. पण जिद्दीला पेरायला जमीन लागते आणि ती नांगरून ठेवली होती सरकारने. आमच्या भागात हे कुणी बोलून दाखवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मग आला बहात्तरचा दुष्काळ. मी सात वर्षांची. माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, मी शेजारी बसून चाळायची. रेशनवर लाल मिलो, कामावर सुकडी. त्या कामांतून पुढे राज्याने काय उभं केलं, हे जगाने नंतर अभ्यासलं. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी १९७७ मध्ये कायदा झाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाली. काम मागणाऱ्याला काम देणं सरकारवर बंधनकारक झालं. पैसा उभा राहिला तो १९७५ च्या व्यवसाय करातून, म्हणजे शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापून. बाईला आणि गड्याला दर एकच. केंद्राचा कायदा यायला २००५ उजाडलं. मायच्या आयुष्यात तिचं नाव सरकारी कागदावर पहिल्यांदा लिहिलं गेलं ते मस्टरवर, शेजारी तिचा अंगठा.

त्याच काळात तिकडे सुरतेच्या संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये ‘एच-४’ दिली, व्यापारी लागवडीत उतरलेली जगातली पहिली संकरित कपाशी. नांदेडच्या सरकारी केंद्रातून पुढे ‘एनएचएच-४४’ आली आणि मराठवाड्याने ती डोक्यावर घेतली. ज्वारीच्या संकरात मादी ओळीचे पराग मुळातच वांझ असतात. ओळी लावल्या की वारा बाकीचं काम करतो. कपाशीत तसं नव्हतं. इथे एकेक फूल हाताने करायचं. एका फुलाचं एक बोंड, एका बोंडात पंचवीस-तीस सरक्या. अमेरिकेत हा खर्च कुणाला पेलला नाही. आपल्याकडे पेलला, कारण बायकांची मजुरी कमी होती. नवं तंत्र आलं की हातांचं काम जातं असं आपण ऐकत आलो. इथे मात्र तंत्रच हजारो हातांवर उभं राहिलं.

खडीवरून क्रॉसिंगवर गेलेल्या बायकांपैकी माझी माय एक. “खडीला नुसता जोर लागायचा, इथं नजर लागती,” ती म्हणायची. प्लॉट शेतकऱ्याचा, नर-मादीची पाकिटं कंपनीची, मध्ये ऑर्गनायझर. सरकी परत कंपनी घेणार, पण शुद्धतेच्या चाचणीत लॉट पास झाला तरच. एका वर्षी आमच्या गावातला एक लॉट नापास झाला. शेतकऱ्याचे पैसे अडकले आणि त्याने बायांची तीन आठवड्यांची मजुरी थकवली. ती आम्हाला संक्रांतीला मिळाली, तीही निम्मी. किमान वेतनाचा कायदा १९४८ पासून होता, शेतीलाही होता. पण त्या शेतात हजेरी कोण घेणार?

सरकारचं लक्ष पाकिटावर मात्र बारीक राहिलं. २६ मार्च २००२ रोजी बीटी कपाशीला मंजुरी मिळाली, ती महिकोच्या तीन संकरित वाणांना. संकरित म्हणजे शेतकऱ्याने दरवर्षी नवं पाकीट घ्यायचं. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्यासाठी वेगळा कायदा केला, २०१५ मध्ये केंद्राने किंमत नियंत्रणाचा आदेश काढला, आणि तेव्हापासून पाकिटाचा कमाल दर दिल्लीत ठरतो. शेतकऱ्याची लूट थांबवायला ते हवंच होतं. पण त्या पाकिटातल्या दाण्यामागे जी बोटं आहेत, त्यांचा वाटा त्या दरात किती, हा प्रश्नही कुणी तितक्याच बारकाईने धरायला हवा होता.

आमच्या बदनापूरच्या संशोधन केंद्राकडे पाहिलं की मला दुसरी वाट दिसते. तिथली ‘बीडीएन-७११’ तूर शेतकरी एकदा नेतो आणि पुढची काही वर्षं घरचंच बी राखून पेरतो. तिच्या नावाने कुठे कारखाना उभा राहिला नाही, म्हणून तिचं नाव कुणी घेत नाही. पण आमच्या ताटातलं वरण तिचं आहे.

मी पुढे शिक्षिका झाले, निवृत्तही झाले. गेल्या भाद्रपदात देऊळगाव राजाकडे जाताना एका शेडनेटमध्ये थांबले. आता कपाशीपेक्षा मिरची-टोमॅटोचं क्रॉसिंग जास्त चालतं. बाया चिमट्याने कळ्या उघडत होत्या. ऑर्गनायझरने हजेरीची डायरी दाखवली. पानावर तारीख होती, प्लॉटचा नंबर होता, नर-मादीचे कोड होते. त्याखाली लिहिलं होतं: बाया १४.