भिवंडीचे यंत्रमाग आणि विणकरांची श्रवणशक्ती

‘कानठळ्या बसणे’ हा वाक्प्रचार मराठीत प्रायः तोफ, सुरुंग किंवा वीज यांच्या संगतीने येतो. ‘कानांस दडे बसणे’ हा त्याचाच सौम्य भाऊ होय. त्यात कान काही काळाने मोकळे होतील ही अपेक्षा गृहीत असते. दोहोंतही कारण आणि परिणाम एकाच क्षणी समोर उभे राहतात. परंतु रोजच्या कामाच्या आवाजाने वीस-पंचवीस वर्षांत, कोणाच्या ध्यानी न येता, जे ऐकणे झिजत जाते त्यासाठी व्यवहारातील मराठीत असा वेगळा शब्द रुळलेला नाही. तेथे ‘वयामुळे कमी ऐकू येते’ एवढ्यावरच भागविले जाते. भिवंडीसारख्या गावाचा इतिहास लिहिताना भाषेतील ही उणीव नुसती शब्दकोशापुरती राहत नाही.

वसईच्या खाडीचा परिसर भिवंडीपासून फार दूर नाही. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या वेढ्यात तेथे तोफा आणि सुरुंग धडाडले, आणि मे महिन्यात किल्ला पडल्यावर ते शांत झाले. भिवंडीचा स्वतःचा आवाज त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी सुरू झाला आणि तो अद्याप थांबलेला नाही. या दोन आवाजांची तुलना वरवर विसंगत वाटेल; तथापि कानाच्या दृष्टीने ती बरीच बोधक आहे.

बंदुकीच्या आवाजाचा अभ्यास पुष्कळ झालेला आहे. नेमबाजीच्या सरावातील लहान पॉइंट टू-टू रायफलीचा आवाज नेमबाजाच्या कानाशी सुमारे १४० डेसिबलच्या शिखरापर्यंत जातो. लष्करी रायफल व बारा बोअरची बंदूक १५० ते १६५ डेसिबलपर्यंत पोहोचतात. १४० ही आघाती आवाजाची कमाल मर्यादा म्हणून सामान्यतः मानली जाते. मोठा आवाज झाला म्हणजे मध्यकर्णातील एक लहानसा स्नायू आकुंचन पावून आतील कानाचे थोडेफार रक्षण करतो. परंतु गोळीचा आवाज काही सहस्रांश सेकंदांतच संपत असल्याने हे रक्षण वेळेवर पोहोचत नाही. शंखाकृती अंतर्कर्णातील केशपेशी अशा आघाताने अक्षरशः मोडतात, आणि मनुष्यात त्या पुन्हा उगवत नाहीत. आणखी एक खूण अशी की, उजव्या खांद्यावर बंदूक टेकविणाऱ्याचा डावा कान अधिक बिघडतो. कारण तो नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो आणि उजवा कान डोक्याच्या आडोशास राहतो. म्हणजे बंदूक आपली सही मागे ठेवून जाते. वैद्याने दोन्ही कान तपासले की कारण उघड होते.

मागाची सही मात्र वाचता येत नाही. धोट्याच्या यंत्रमागात धोटा एका बाजूने फेकला जातो, तो दुसऱ्या पेटीत आदळून थांबतो, लगेच फणीचा ठोका बसतो, आणि धोटा उलट फिरतो. साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास फेकी करतो. बारा तासांच्या पाळीत एकट्या मागाचे हे आघात एक लाखाच्या वर जातात. आणि विणकर एक नव्हे तर चार, सहा, कधी आठ माग सांभाळतो. पत्र्याच्या छपराखाली ओळीने मांडलेल्या या मागांचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. एकेक ठोका बंदुकीच्या तुलनेने पुष्कळच सौम्य. पण डेसिबलचे गणित बेरजेचे नाही. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा धरली, तर शंभर डेसिबलमध्ये तेवढीच मात्रा पंधरा मिनिटांत पुरी होते. भारतातील कारखाना-नियमांचे कोष्टक अधिक उदार होते: ९० डेसिबलला आठ तास, शंभर डेसिबलला दोन तास. विणकराची पाळी या उदार हिशेबाच्याही सहापट भरते. शिवाय हा आवाज दोन्ही कानांवर सारखाच पडतो, त्यामुळे दोन्ही सारखेच मंदावतात. आणि म्हातारपणही नेमके तसेच करते.

गल्लत होते ती येथे. ती दूर करण्यास लागणारे ज्ञान मात्र जुने आहे. इटालियन वैद्य रामाझिनी याने अठराव्या शतकाच्या आरंभीच व्हेनिसच्या तांबटांच्या बहिरेपणाची नोंद केली होती. १८८६ मध्ये ग्लासगोच्या टॉमस बार याने बॉयलर बनविणाऱ्या शंभर कामगारांची तपासणी केली. त्यांपैकी एकाचेही ऐकणे निर्दोष आढळले नाही. विणकरांच्या बाबतीत निर्णायक काम १९६५ साली स्कॉटलंडमधील डंडी येथील तागाच्या गिरण्यांत झाले. त्यात असे दिसून आले की, ४००० हर्ट्‌झच्या आसपासची मुख्य हानी पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच होऊन जाते. अठराव्या वर्षी मागावर उभा राहिलेला मुलगा तिशीच्या थोडे पुढे जातो न जातो तोच नुकसान बहुतांशी झालेले असते. याला वार्धक्य म्हणणे धारिष्ट्याचेच होय.

या हानीचा भाषेशी असलेला संबंध विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. स्वरांची शक्ती खालच्या कंपनसंख्यांत असते. स, श, फ, च यांसारख्या व्यंजनांची ओळख बरीचशी वरच्या कंपनसंख्यांवर अवलंबून असते. म्हणून अशा माणसाला कोणी बोलते आहे हे कळते, काय बोलले ते कळत नाही. ‘साठ’ आणि ‘आठ’, ‘सात’ आणि ‘हात’ यांतील भेद प्रथम पुसट होतो. जेथे मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर ठरते तेथे साठ व आठ यांतील गोंधळ क्षुल्लक म्हणता येणार नाही. भिवंडीत मराठी, उर्दू, पूर्वेकडील हिंदी बोली आणि पद्मशाली विणकरांची तेलुगू एकाच गल्लीत नांदतात. यांपैकी कोणतीही भाषा या घसाऱ्यातून सुटत नाही. मागाशेजारी तर बोलणे बव्हंशी ओठांच्या हालचालीवर आणि हाताच्या खुणांवरच चालते. लँकेशायरच्या कापडगिरण्यांत अशा ओठांच्या बोलीला ‘मी-मॉइंग’ असे स्वतंत्र नावही पडले होते.

भिवंडीत हे घडले तरी नोंदले का गेले नाही, याचे उत्तर गावाच्या घडणीत सापडते. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी येथे हातमाग रोवला. १९३० च्या दशकात वीज आणि यंत्रमाग आले. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले जुने माग येथे पुन्हा चालू लागले. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि बरेच विणकाम भिवंडीकडे सरकले. माग वाढले, पण गिरणी उभी राहिली नाही. एकाच छपराखालचे माग निरनिराळ्या नावांवर लहान लहान घटकांत विभागण्याची पद्धत पडली. १९४८ चा कारखाना अधिनियम विजेवर चालणाऱ्या व दहा किंवा अधिक कामगार असलेल्या जागेलाच कारखाना मानीत होता. त्या अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजाने येणारे बहिरेपण हा कळविण्याजोगा रोग होता. पण कळविणार कोण, जर कागदावर कारखानाच नाही? नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितेने ही संख्या वीसवर नेली आहे. भिवंडीच्या दृष्टीने ही दिशा उलटीच म्हणावी लागेल.

भरपाईच्या कायद्यातही हा रोग समाविष्ट आहे. तरी भारतात त्याबद्दलची पहिली भरपाई १९९६ मध्ये मिळाली असे व्यावसायिक आरोग्याचे अभ्यासक नमूद करतात. दाव्यासाठी कामावर येण्यापूर्वी ऐकणे कसे होते हे दाखविता आल्यास बळ येते. भिवंडीत कामावर घेताना कान तपासण्याची प्रथाच नाही. कानात बोळे घालण्याचा उपदेश सोपा आहे, पण विणकर तुटलेला धागा आणि बिघडलेला माग पुष्कळदा आवाजावरूनच ओळखतो, आणि दमट उकाड्यात बारा तास बोळे सोसणेही कठीण. बिनधोट्याचे नवे माग काही ठिकाणी आले आहेत व त्यांतील काहींचा आवाज कमी आहे. जुने माग मात्र अजून पुष्कळ चालतात. त्यांवर उमेदीची वर्षे घालविलेला विणकर उतारवयात बहुधा आझमगड किंवा मऊकडील आपल्या गावी परततो, आणि तेथे त्याच्याशी मोठ्याने बोलणाऱ्या घरच्या माणसांना माग दिसत नाही, पांढरे केस तेवढे दिसतात.