परांचीवरचा चित्रकार

निघोजे हे गाव देहूपासून फार दूर नाही. चाकणच्या कारखान्यांनी त्यास आता चोहोंकडून वेढले आहे. तेथील रस्त्यालगतच्या एका जुन्या भिंतीवर रंगाऱ्याच्या हाताची अक्षरे आम्हांस मध्यंतरी आढळली. खताची जाहिरात होती ती; अर्धी झिजलेली, आणि उरल्या अर्ध्या भागावर कोणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स टांगलेला. अक्षर मात्र असे ठसठशीत, की वर्षानुवर्षे घोटल्यावाचून यावयाचे नाही. लिहिणारा कोण, असे आम्ही सोबतच्या गृहस्थांस विचारले. ‘असेल कोणी पेंटर,’ एवढेच उत्तर मिळाले. त्यांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. आम्ही स्वतः तीस वर्षे वर्गांत रस्किन शिकविला. परंतु कॉलेजच्या दारावरील पाटी कोणी रंगविली, हे एकदाही विचारले नाही.

वस्तुतः ‘पेंटर’ हा शब्द महाराष्ट्रात एके काळी बिरुदासारखा मिरविला गेला आहे. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री (1890–1954) नाटकांचे पडदे रंगविता रंगविता ‘बाबूराव पेंटर’ झाले, आणि त्याच नावाने चित्रपटांच्या इतिहासात अमर झाले. आपल्या चित्रपटांची जाहिरातचित्रेही ते स्वतःच रंगवीत. तथापि कोल्हापुरात जो मान होता, तो मुंबईच्या रस्त्यावर उरला नाही. तेथे चित्रकार म्हणजे 1857 साली स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडलेला. आणि परांचीवर चढून भिंती रंगविणारा तो रंगारी. या दोहोंमध्ये रोटीव्यवहारही नसे, मग बेटीव्यवहाराची गोष्ट दूरच!

ही शीव ज्यांनी ओलांडली, त्यांत मकबूल फिदा हुसेन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. देहू-आळंदीच्या पालख्या ज्या पंढरपुरास जातात, तेथेच 1915 साली त्यांचा जन्म झाला. आई झैनब त्यांच्या तान्हेपणीच वारली. तिचे छायाचित्रही मागे राहिले नाही, म्हणून तिचा चेहरा त्यांस कधीच आठवला नाही. त्यांच्या पुष्कळ स्त्रीचित्रांना नाक-डोळे नाहीत, त्याचे मूळ येथे आहे असे मानले जाते. पुढे वडील इंदुरास गेले. तेथे देवळालीकर मास्तरांच्या चित्रशाळेत हुसेनांनी काही धडे घेतले, आणि तारुण्याच्या उंबरठ्यावर, 1930 नंतरच्या दशकात, ते मुंबईस आले. पोटासाठी त्यांनी धरलेला धंदा म्हणजे चित्रपटांचे फलक रंगविणे. मोबदला चौरस फुटास चार-सहा आणे.

हा धंदा कसा चाले, हे सांगितल्यावाचून पुढील गोष्ट उमगणार नाही. रंगाऱ्याच्या हाती नटीचे एक लहानसे छायाचित्र पडे. त्यावर चौकटी आखावयाच्या. मग फलकावर सुताने तितक्याच मोठ्या चौकटी पाडावयाच्या आणि एकेक चौकट भरीत जावयाचे. एवढ्या मोठ्या फलकावर नाकाच्या कडेची छाया म्हणजे हातभर लांब फराटा. जवळून पाहावे तर ती नुसती तपकिरी पट्टी. ती नाकाची छाया आहे हे रस्त्याच्या पलीकडून जाणाऱ्या माणसास दिसावयाचे. मागे सरून चित्र न्याहाळण्याची चैन परांचीवरच्या माणसास नसते. सरलाच तर थेट रस्त्यावर. तेव्हा समग्र आकृती मनात धरून हाताने तिचा एक तुकडा निःशंकपणे काढावयाचा, आणि तोही शुक्रवारचा खेळ लागण्यापूर्वी! हे शिक्षण कोणत्या कलाशाळेत मिळते?

मध्यंतरी हुसेनांनी लाकडी खेळणी व मुलांच्या सामानाचे नमुने करण्याची नोकरीही केली. 1947 साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांस पारितोषिक मिळाले. त्याच सुमारास सूझा, रझा, आरा, गाडे आणि बाकरे यांच्या प्रोग्रेसिव्ह मंडळीत ते सामील झाले. यांपैकी आरा हे घरगडी म्हणून राबलेले आणि मोटारी धुतलेले गृहस्थ. रस्त्यावरून आलेली माणसे त्या मेळ्यात एकटीदुकटी नव्हती.

न्यूयॉर्कच्या भिंतींवर 1980 च्या आगेमागे अक्षरे फासीत बास्क्विआ हा तरुण असाच चित्रदालनांत पोहोचला, आणि 1988 साली अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी मरण पावला. परंतु तो भिंतीवर लिही ते कोणाची परवानगी न घेता, स्वतःचे. आमच्या रंगाऱ्यास फुटाच्या हिशेबाने दुसऱ्याचे चित्र काढावे लागे. बंडापेक्षा ही शिस्त कठीण, असे आम्हांस वाटते.

या शिस्तीचा एक दोषही हुसेनांस जन्मभर चिकटला. झपाट्याने काढण्याची सवय सुटली नाही. उत्तरायुष्यातील त्यांचे पुष्कळ घोडे केवळ हाताच्या सवयीने धावले आहेत, हे आमचे प्रांजळ मत आहे. देवतांच्या त्यांच्या चित्रांवरून 1996 पासून जे वादळ उठले, त्याचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने 2008 साली त्यांच्यावरील खटले रद्द केले. पण 2006 साली देश सोडून गेलेला हा म्हातारा परतला नाही, आणि 2011 साली लंडनात वारला.

रस्त्यावरची ती शाळाही आता मोडली. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत फ्लेक्सच्या छपाईने परांची, सूत आणि कुंचला तिन्ही अडगळीत टाकले. निघोज्यासारख्या गावातील ज्या पोराच्या हातात आज रेषा आहे, आणि ज्याच्या बापाजवळ कलाशाळेच्या शुल्कास पैसा नाही, त्याने चार आणे फुटाने कोठे शिकावे?

हुसेनांचे ‘ग्रामयात्रा’ हे 1954 सालचे चित्र जवळजवळ चौदा फूट रुंद आहे, आणि त्यात तेरा निरनिराळ्या चौकटी आहेत. गाडीत बसलेल्या, स्वयंपाक करणाऱ्या, मुले सांभाळणाऱ्या स्त्रिया त्यांत दिसतात. दिल्लीत काम करणाऱ्या एका परदेशी डॉक्टरांनी ते घेतले आणि पुढे ते ऑस्लोच्या एका रुग्णालयास मिळाले. तेथील भिंतीवर ते अनेक दशके टांगलेले होते. औषधाच्या बाटल्या घेऊन माणसे त्याच्यासमोरून ये-जा करीत असतील. मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यास सुमारे 1 कोटी 38 लाख डॉलर किंमत आली.